जंतू सापडला, विषाचे काय?

आषाढी झाली की मराठवाड्यातल्या आणि शेजारच्या विदर्भातल्या वारकऱ्यांची पावले नरसीकडे वळतात. नामदेवांचे हे जन्मगाव, हिंगोली तालुक्यातले, कयाधूच्या काठावरचे. आषाढ वद्य एकादशीला इथे परतवारी भरते आणि एरवी काही हजार वस्तीच्या गावात एका दिवसात लाखोंची गर्दी उसळते. पंढरपूर करून आलेली माणसे असतात, तशी यंदा पंढरपूर न जमलेलीही असतात. फराळाचे वाटप, चहाची दुकाने, टँकर, जार, हातपंप, वाटेवरच्या शेतातली एखादी विहीर; तहान लागेल तिथे माणूस पाणी पितो. त्यात दिवस पावसाळ्याचे. नदीला गढूळ पाणी आलेले, आडविहिरींत भोवतालचा निचरा उतरलेला, आणि पाइपलाइन नेमकी कुठे फुटली आहे ते चिखलात दिसत नाही.

नरसीत साथ आली म्हणून ही पुस्तिका लिहिली गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. साथ येऊ शकेल अशी जागा आणि असा दिवस डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. वाचक कोण, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला लॅब टेक्निशियन, आरोग्यसेवक, आशाताई, ग्रामसेवक, टाकीत टीसीएल पावडर टाकणारा जलसुरक्षक आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारा एखादा विद्यार्थी. विषय आहे कॉलऱ्याचे विष आणि ते विष तयार करणारा जिवाणू प्रयोगशाळेत ओळखायचा कसा.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते: अमुक गावात कॉलरा पॉझिटिव्ह. वाचणाऱ्याला पुरेसे वाटते. पण पॉझिटिव्ह काय आले, हे बातमीत नसते आणि पुष्कळदा बातमी देणाऱ्यालाही माहीत नसते. रुग्णाच्या शौचात बुडवलेल्या पट्टीवर रेघ उमटली असेल. विहिरीच्या पाण्यात व्हिब्रिओ कॉलरी नावाचा जिवाणू सापडला असेल. बशीतल्या माध्यमावर पिवळ्या वसाहती उगवल्या असतील, आणि त्यापुढे कोणी काही केलेच नसेल. या तिन्हींचे अर्थ वेगवेगळे आहेत. तपासणी म्हणजे खरे तर एकापाठोपाठ एक विचारलेले तीन प्रश्न. हा व्हिब्रिओ कॉलरीच आहे का? असेल तर साथ पसरवणाऱ्या गटातला, म्हणजे ओ१ किंवा ओ१३९ गटातला आहे का? आणि हा विष तयार करतो का? व्हिब्रिओ कॉलरीचे दोनशेहून अधिक गट आजवर नोंदले गेले आहेत. त्यांतले बहुतेक नदीत, खाडीत, तळ्यात आपापले जगत असतात. एखाद्याने कधी कोणाचे पोट बिघडवले तरी त्यांच्यामुळे गावे ओस पडत नाहीत. गावे ओस पाडली ती विषवाल्यांनी. म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच सर्वांत उशिरा विचारला गेला. तो उशीर कसा झाला, हे कळल्याशिवाय पुढच्या प्रकरणांतल्या चाचण्या नुसत्या कृती म्हणून पाठ होतील, म्हणून इथे थोडे मागे जातो.

१८१७ साली बंगालमध्ये भडकलेली कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची, पहिली मोठी साथ पुढच्याच वर्षी दख्खनेत उतरली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे पटकी आणि पंढरीची वाट यांची सांगड सुटली नाही. गावोगावच्या शिवेवर मरीआईची ठाणी आहेत, साथीच्या दिवसांत तिचा गाडा वाजतगाजत हद्दीबाहेर नेऊन सोडत. पुढे सरकारने सुई आणली. पंढरपूरच्या वाटेवर कॉलऱ्याची लस टोचून घेतल्याशिवाय यात्रेकरूला पुढे सोडत नसत, हे आजही म्हातारी माणसे सांगतात, दुखऱ्या दंडासकट. ती लस म्हणजे मारलेले जिवाणू. संरक्षण अपुरे मिळे, तेही काही महिन्यांचे, आणि साथीचा फैलाव तिने थांबत नाही असे दिसून आल्यावर १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांवरची त्या लसीची सक्ती नियमांतून काढून टाकली. लस जिवाणूच्या अंगावर नेम धरून होती. माणूस मरत होता तो जिवाणूने आतड्यात सोडलेल्या विषाने, आणि दंडातली सुई आतड्याच्या आतल्या बाजूपर्यंत फारशी पोचतच नव्हती.

जिवाणू मात्र फार आधी सापडला होता. १८५४ मध्ये फ्लॉरेन्सच्या फिलिपो पाचिनीने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख इजिप्त करून कलकत्त्याला आला आणि त्याने तो वेगळा वाढवून दाखवला. स्वल्पविरामासारखा बाकदार जिवाणू, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारख्या जुलाबात खच्चून भरलेला. हा जिवाणू काहीतरी विष सोडत असावा, असा तर्क कॉखने तेव्हाच बोलून दाखवला होता. पण ते विष हाती लागायला पाऊणशे वर्षे गेली. कारण साधे होते. शास्त्रज्ञ ते प्राण्यांच्या रक्तात शोधत राहिले. जिवाणूंचा अर्क शिरेतून टोचायचा, पोटाच्या पोकळीत टोचायचा, प्राणी मेला तर विष सापडले म्हणायचे. प्राणी मरतही, पण जुलाब होऊन नव्हे. मोठ्या जनावरांना तोंडावाटे जिवाणू पाजले तर त्यांना काहीच होत नसे. ज्या रोगाचे सारे नाट्य आतड्यात घडते त्याचे कारण आतडे सोडून इतरत्र शोधले जात होते.

ही कोंडी दोन ठिकाणी फुटली, कलकत्त्यात आणि मुंबईत. कलकत्त्याची गोष्ट बरीच सांगितली गेली आहे. शंभूनाथ डे यांनी १९५३ साली सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला, त्या बंद वेटोळ्यात कॉलऱ्याच्या जिवाणूंचे संवर्धन टोचले, शेजारच्या वेटोळ्यात नुसते माध्यम टोचले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पहिले वेटोळे पाण्याने तट्ट फुगलेले, दुसरे होते तसेच. सहा वर्षांनी, ३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये, त्यांनी पुढची पायरी मांडली: जिवाणू गाळून पूर्णपणे काढून टाकले, उरलेले नुसते पाणी वेटोळ्यात टोचले, तरीही ते फुगले. म्हणजे जिवाणू नसतानाही त्याने मागे ठेवलेला पदार्थ आतड्याला पाणी सोडायला लावतो. बांधलेल्या आतड्याच्या या साध्या वाटणाऱ्या प्रयोगावर विषाच्या पुढच्या साऱ्या चाचण्या उभ्या आहेत. डे यांचे १९८५ मध्ये निधन झाले. देशात म्हणावा तसा मान त्यांना मिळाला नाही.

मुंबईची गोष्ट मात्र मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहितो. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. प्लेगच्या प्रयोगशाळेपासून निघालेल्या या संस्थेला १९२५ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांचे नाव मिळाले. हाफकिन १८९३ साली हिंदुस्थानात आले ते कॉलऱ्याचीच लस घेऊन. १९५० च्या दशकात इथे एन. के. दत्ता कॉलऱ्यावरची औषधे तपासत होते. औषध तपासायचे तर आधी रोगी प्राणी हवा आणि कॉलरा होणारा प्राणीच मिळत नव्हता. १९५५ मध्ये दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी दाखवले की मोठ्या सशाला न होणारा कॉलरा दूध पिणाऱ्या सशाच्या पिल्लाला होतो, आणि तो माणसासारखाच होतो: पातळ जुलाब, अंगातले पाणी आटणे, मृत्यू. मग १९५९ मध्येच दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी या तिघांनी व्हिब्रिओच्या ५६९बी या जातीपासून जिवाणूविरहित अर्क काढून पिल्लांना दिला. जुलाब लागले. डे यांनी वेटोळ्यात दाखवले ते यांनी अख्ख्या, न बांधलेल्या आतड्यात दाखवले. पुढे अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी सशाची हीच पिल्ले आणि हीच ५६९बी घेऊन काम केले. त्यांच्या १९६४ च्या निबंधावर दत्तांचेही नाव आहे. १९६९ पर्यंत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. विष भरपूर देणारी जात म्हणून ५६९बी आजही जगभरच्या प्रयोगशाळांच्या शीतपेटीत असते. चाचणी बरोबर चालली आहे का हे पाहायला तिचाच नमुना सोबत लावतात. परळच्या त्या कामाचे स्मारक कुठे असेल तर ते या सवयीत आहे.

आता विष करते काय. त्याचे दोन भाग. 'ब' प्रकारचे पाच तुकडे कडे करून बसलेले असतात, त्यांच्या मधोमध एक 'अ'. आतड्याच्या पेशीवर जीएम१ नावाचा एक मेदयुक्त रेणू असतो. 'ब' तुकडे तो घट्ट धरतात आणि 'अ' पेशीच्या आत जातो. आत गेल्यावर तो पेशीतल्या एका नियंत्रक प्रथिनात असा बदल करतो की ते चालूच राहते, बंद होत नाही. पेशीतला सीएएमपी नावाचा संदेशवाहक रेणू वाढतो, पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागते, त्यामागे सोडियम जाते आणि दोन्हींमागे पाणी. पेशी मात्र मरत नाही. म्हणून कॉलऱ्याच्या जुलाबात रक्त नसते, ताप सहसा नसतो, आणि धट्टाकट्टा माणूस काही तासांत डोळे खोल जाऊन पडतो. आणि याच कारणाने साखर-मिठाचे पाणी चालते: विषाने पाणी बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा केला तरी ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत येण्याचा मार्ग शाबूत असतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएस पिंपांतून वाटले. जिथे ३० टक्क्यांच्या घरात माणसे दगावत होती तिथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

त्यामुळे या पुस्तिकेतले एक वाक्य लेखकांनी ठळक टाइपात छापावे असा मी आग्रह धरला: रुग्णाच्या उपचाराचा आणि प्रयोगशाळेच्या निकालाचा काहीही संबंध नाही. पातळ जुलाब होऊन अंगातले पाणी आटलेला माणूस समोर आला की ओआरएस, जास्त असेल तर शिरेतून रिंगर लॅक्टेट, लगेच. रिपोर्टची वाट पाहणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. तपासणी गावासाठी असते, पुढच्या रुग्णांसाठी असते.

तपासणीची सुरुवात बाकड्यावर होत नाही, रुग्णाच्या खाटेपाशी होते आणि अपयशही बहुतेक तिथेच येते. अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी नमुना घ्यायला हवा. कापसाचा बोळा शौचात नीट भिजवायचा, कॅरी-ब्लेअर माध्यमाच्या नळीत तळापर्यंत खुपसायचा, काडीचा वरचा भाग मोडून झाकण घट्ट लावायचे. आणि ही नळी बर्फात ठेवायची नाही. लसी बर्फात नेण्याची सवय हाताला इतकी बसलेली असते की कॉलऱ्याचा नमुनाही आइसपॅकमध्ये गुंडाळून येतो. मग प्रयोगशाळेत काही उगवत नाही आणि कागदावर 'निगेटिव्ह' उमटते. हा जिवाणू गारठ्याला नाजूक आहे. कॅरी-ब्लेअरमध्ये तो साध्या हवेत, उन्हापासून दूर ठेवला तरी दिवसेंदिवस जगतो. कॅरी-ब्लेअर हाताशी नसेल तर गाळणकागदाची पट्टी शौचात भिजवून, मिठाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करायची, हा उपाय दुसऱ्या प्रकरणात सविस्तर दिला आहे.

प्रयोगशाळेत आलेला बोळा आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये जातो. व्हिब्रिओला खारट आणि अल्कधर्मी वातावरण आवडते, आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंना ते तितकेसे मानवत नाही. सहा ते आठ तासांत व्हिब्रिओ पुढे निघून जातो. नळी हलवायची नाही. त्याला हवा लागते म्हणून तो वर येऊन पृष्ठभागावर पातळ साय धरतो, आणि तारेचा फासा त्या सायीलाच टेकवून टीसीबीएस माध्यमावर रेघा ओढायच्या. टीसीबीएसची बशी हिरवट असते. रात्रभर उबवल्यावर, दोन ते चार मिलिमीटरच्या, चपट्या, चकचकीत पिवळ्या वसाहती दिसल्या तर शंका पक्की होऊ लागते. साखर आंबवल्यामुळे माध्यमाचा रंग पालटतो. इथे नवशिक्या तंत्रज्ञाला घाई होते आणि त्याच वसाहतीवर तो पुढच्या चाचण्या करायला बसतो. टीसीबीएसवरची वसाहत चिकट असते, ऑक्सिडेज चाचणी तिच्यावर फसते, अँटिसीरमही नीट काम करत नाही. आधी साध्या न्यूट्रिएंट अगारवर ती पुन्हा वाढवावी लागते. एक दिवस जातो. तो जाऊ द्यावा.

मग माझी आवडती चाचणी येते. काचपट्टीवर सोडियम डिऑक्सिकोलेटच्या अर्धा टक्का द्रावणाचा थेंब घेऊन त्यात वसाहत कालवायची. जिवाणू फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो, मिश्रण गढूळ होते तसे पुन्हा नितळ होते, आणि फासा हळूच वर उचलला की मागे तार धरते. मिनिटभराचे काम, खर्च जवळपास शून्य, यंत्र एकही नाही. ही चाचणी करून पाहिलेला विद्यार्थी व्हिब्रिओ विसरत नाही. शेवटी अँटिसीरम: आधी मिठाच्या पाण्यात जिवाणू आपोआप गोळा होत नाहीत ना हे पाहायचे, मग ओ१, त्यात ओगावा की इनाबा हा उपप्रकार, आणि ओ१ जुळले नाही तर ओ१३९.

इथवर पहिले दोन प्रश्न सुटले. बऱ्याच ठिकाणी फाइल इथेच बंद होते. व्यवहारात ते चालून जाते, कारण रुग्णाच्या शौचातून निघालेला ओ१ बहुतेक वेळा विषवालाच असतो. पण 'बहुतेक' या शब्दाने दोनदा चांगलीच फजिती केली आहे. १९०५ मध्ये सिनाईच्या एल टॉर विलगीकरण केंद्रात हजहून परतलेल्या यात्रेकरूंच्या आतड्यांतून गोटश्लिख यांना एक व्हिब्रिओ मिळाला. त्या माणसांना कॉलरा नव्हता, म्हणून या जातीला कित्येक दशके फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९६१ मध्ये ती इंडोनेशियातून निघाली, १९६४ मध्ये हिंदुस्थानात आली, आणि कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ म्हणून आजही चालू आहे. दुसरी वेळ १९९२ ची. मद्रासमध्ये कॉलऱ्याचे ठसठशीत रुग्ण येत होते, व्हिब्रिओ सापडत होता, पण ओ१ चे अँटिसीरम काही केल्या जुळत नव्हते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हा साथीचा जिवाणूच नव्हता. विषाची चाचणी मात्र होकार देत होती. तोच पुढे ओ१३९ म्हणून नोंदला गेला. नावावर विसंबलेल्या तपासणीने त्याला सोडून दिले असते. विषावर बोट ठेवणाऱ्या तपासणीने धरले.

असे का होते, हे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी उलगडले. विषाची जनुके मुळात जिवाणूची नाहीतच. ती एका विषाणूची आहेत, जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूची. तो व्हिब्रिओच्या गुणसूत्रात जाऊन बसला की निरुपद्रवी व्हिब्रिओ विषारी होतो. तो शिरतो तेही व्हिब्रिओच्या ज्या सूक्ष्म केसांमुळे त्याला आतड्यात ठाण मांडता येते, त्याच केसांना धरून. तेव्हा कयाधूच्या पाण्यात व्हिब्रिओ कॉलरी सापडला, एवढ्यावर गावात दवंडी पिटणे चूक आणि तो विषवाला नाही म्हणून निर्धास्त राहणेही चूक. पहिल्या चुकीने लोकांचा रिपोर्टवरचा विश्वास उडतो, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो.

विष ओळखण्याच्या चाचण्यांचे प्रकरण या पुस्तिकेत सर्वांत मोठे आहे. सशाचे वेटोळे आता इतिहासजमा झाल्यासारखे आहे. त्यानंतर पेशींवर विष टाकून त्यांचा बदलणारा आकार पाहण्याची पद्धत आली, ती मोठ्या संशोधनसंस्थांनाच परवडते. जिल्ह्याच्या पातळीला समजून घेण्याजोग्या तीन. लॅटेक्सच्या बारीक मण्यांवर विषाविरुद्धची प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. वाढवलेल्या जिवाणूंचा गाळ काढून वरचे पाणी त्यात मिसळायचे आणि प्लेट एक दिवस न हलवता ठेवायची. विष असेल तर मणी खळग्याच्या तळाशी पसरून थर धरतात, नसेल तर घसरून मधोमध एक ठिपका करतात. एलायझामध्ये प्लेटवर जीएम१ लावून ठेवतात. आतड्याची पेशी ज्याने विष पकडते त्यानेच प्रयोगशाळा ते पकडते. मला ही कल्पना फार देखणी वाटते. आणि पीसीआरमध्ये सीटीएक्सए हे विषाचे जनुक आहे का ते पाहतात.

या तिन्हींत भेद आहे. पीसीआर सांगते की विष करण्याची कृती जिवाणूजवळ आहे. लॅटेक्स आणि एलायझा सांगतात की त्याने ते केले. एल टॉर जातीचे कित्येक जिवाणू रुग्णाच्या आतड्यात भरपूर विष करतात, पण प्रयोगशाळेच्या साध्या माध्यमात हात आखडता घेतात; त्यासाठी एकेआय नावाचे वेगळे माध्यम आणि आधी स्थिर, मग हलवून वाढवण्याची युक्ती लागते. ती न करता मिळालेला 'विष नाही' हा निकाल फारसा कामाचा नाही. उलट बाजूने, प्रवाशांना जुलाब लावणाऱ्या ई. कोलायचे एक विष कॉलऱ्याच्या विषाचे जवळचे नातलग आहे. ते जीएम१ वरच बसते आणि एलायझाला चकवू शकते. म्हणून एका चाचणीच्या जोरावर कोणी ठामपणे बोलू लागला तर तिथे थोडे थांबावे.

झटपट पट्टीबद्दल लेखकांचे आणि माझे जमले नाही. त्यांनी तिला पहिल्या प्रकरणात स्थान दिले, मी तिला मागे ढकलले असते. वीस मिनिटांत रेघ दाखवणारी ही पट्टी शौचातला ओ१ किंवा ओ१३९ चा अंश ओळखते, विष ओळखत नाही. एका रुग्णावर ती खोटी रेघ दाखवू शकते. पण यात्रेत एका दुपारी आठ-दहा जणांना जुलाब लागले आणि त्यांतल्या चौघांच्या पट्टीवर रेघ आली, तर कल्चरची वाट न पाहता पाण्याकडे धावावे, एवढे सांगायला ती पुरेशी आहे, हे त्यांचे म्हणणे मला अखेर पटले. मात्र ज्यांच्या पट्टीवर रेघ आली त्यांचे बोळे कॅरी-ब्लेअरमध्ये पुढे गेलेच पाहिजेत.

पाण्याचे प्रकरण छोटे आहे आणि तसेच असायला हवे. गावपातळीवर पाण्यात कॉलऱ्याचा जिवाणू शोधत बसायचे नसते. ओटी (ऑर्थोटोल्युडिन) चाचणीत नळाच्या शेवटच्या तोटीच्या पाण्याला पिवळा रंग येतो का, म्हणजे उरलेला क्लोरीन आहे का, एवढे रोज पाहायचे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने १९८२ साली पुढे आणलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली आहे. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि काळे पडले तर त्यात विष्ठेतले जिवाणू आहेत असे समजायचे. ज्या पाण्यात विष्ठा पोचते त्यात कॉलराही पोचू शकतो. त्यासाठी पीसीआर लागत नाही. २०२२ च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी आणि कोयलारीत माणसे दगावली ती उघड्या विहिरीच्या पाण्याने. नळाचे पाणी थांबले होते म्हणून लोक तिथे गेले. तिथला पहिला प्रश्न जनुकाचा नव्हता, नळ का बंद आहे हा होता.

मग परतवारीसाठी विषाची तपासणी हवी कशाला, असे कोणी विचारील. एकादशीला नरसीत पाणी प्यालेला माणूस नरसीत आजारी पडत नाही. लागण झाल्यापासून जुलाब लागेपर्यंत काही तास जातात, कधी पाच दिवस. तोवर दिंडी पांगलेली असते. कोणी रिसोडला पोचलेला असतो, कोणी पुसदला, कोणी जिंतूरच्या पुढे. तीन तालुक्यांत, तीन जिल्ह्यांत, तीन सरकारी दवाखान्यांत एकेक रुग्ण. एकेका ठिकाणी तो एकटाच असल्याने साथ कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. हे तिघे एकाच पाण्याचे आहेत हे कळायला दोनच वाटा आहेत. एक, तिघांचे जिवाणू पुढच्या प्रयोगशाळेपर्यंत जिवंत पोचणे आणि तिथे त्यांचा गट, विषाचे जनुक आणि वाण जुळणे. दुसरी, नमुन्यासोबतच्या फॉर्मवरचा एक रकाना. पुस्तिकेच्या शेवटी जोडलेल्या फॉर्ममध्ये रुग्णाचे गाव, वय, जुलाब सुरू झाल्याची वेळ यांच्याखाली लेखकांनी तो घातला आहे: गेल्या पाच दिवसांत कुठे मुक्काम केला, कुठले पाणी प्यालात. आरोग्यसेवकांनी तो रिकामा सोडू नये, आणि 'यात्रा' एवढाच शब्द लिहून मोकळे होऊ नये. कोणत्या फडावर उतरला होता, टँकरचे पाणी होते की विहिरीचे, हेही रुग्ण बोलू शकतो तोवर विचारून घ्यावे.